बानोच्या लग्नाची मासळी

त्या वर्षी चैत्र सरता सरता गावातल्या बकऱ्यांवर रोग आला. तोंडाला फोड यायचे, बकरी चारा सोडायची आणि खुंट्यापाशीच मान टाकायची. मलकापूरहून ढोरांचा डॉक्टर सायकलवर आला आणि बकरी कापायची नाही, विकायची नाही, मोताळ्याच्या बाजारात न्यायची नाही, असं चावडीपुढं सांगून गेला. हैदर पिंजारी मागं उभा राहून ऐकत होता. बानोच्या लग्नासाठी पोसलेल्या त्याच्या बकऱ्या आदल्या आठवड्यातच त्यानं गावाबाहेर नेऊन पुरल्या होत्या.

हैदर कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. बानो त्याची एकुलती पोरगी. चिखलीच्या एका शिंप्याच्या घरी तिचं ठरलं होतं आणि वैशाखात बारात येणार होती. आता दावतीत काय घालायचं यावर घरात रोज बोलणं व्हायचं. वांगी आणि डाळ घालू, असं त्याची बायको अमीना म्हणायची आणि हैदर अर्ध्या जेवणावरून उठायचा. एका सकाळी लुगड्यावरचा कापूस झटकता झटकता अमीनालाच आठवलं. पोरगी पाहायला आलेल्या नवरदेवाच्या आजीनं तिला दोनदा विचारलं होतं, इथं पूर्णेची मासळी मिळते ना म्हणून. चिखलीत मासा डोळ्यांनी दिसत नाही, अशी म्हातारीची तक्रार होती. हैदर तसाच, केसांत कापूस घेऊन, भोईवाड्याकडे निघाला.

पूर्णेकाठच्या त्या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारं. माणसं आणि ढोरं नदीवर जगायची, आणि भोईवाडा तर नदीच्या अंगावरच बसलेला. त्यातलं शेवटचं घर कडूबा भोयाचं. कडूबा दारात बसून जाळ्याची फाटलेली वीण सांधत होता. बाकीचे भोई अंदाजानं जाळं टाकायचे. कडूबा आधी काठावर उभा राहायचा, पाणी पाहायचा, वर उडणारी पाखरं पाहायचा आणि मगच जाळं ओलं करायचा. दोन्ही काठांवरच्या गावांत त्याचं यासाठी नाव होतं. हैदर दुसऱ्या कोणाकडे जाणारच नव्हता.

हैदरनं सगळं सांगितलं. चिखलीचे पाहुणे किती मानाचे आहेत, म्हातारी काय म्हणाली, बकऱ्यांचं काय झालं. कडूबाचे हात जाळ्यावर चालूच होते. हैदरचं बोलून झालं तसा तो म्हणाला, "लग्नाच्या दिवशी सकायी मासे तुह्या दारात येतीन. जाय, मसाला वाटाले सांग."

हैदर पाणी पिऊन खुशीत परत गेला. आत ओसरीत कडूबाचा लेक पुंजाजी काचेच्या तुकड्यानं डोंग्याचं वल्हं घासत बसला होता. त्यानं हातातली काच खाली ठेवली. होळीपासून आपल्या जाळ्यात कालवणापुरतीही मासळी धड येत नाही आणि बाबानं आख्ख्या बारातीचा शब्द दिला, असं तो आईला, कोकिळेला, हळूच म्हणाला. शिवाय मासे आदल्या दिवशी धरून ठेवता येणार नव्हते. वैशाखाच्या उन्हात मासा दुपारपर्यंत टिकत नाही. जे धरायचं ते त्याच सकाळी धरायचं होतं.

कोकिळेनं त्याला गप्प केलं. पण तिलाही धास्ती होतीच.

दुसऱ्या दिवशी बापलेक नदीवर गेले. कोकिळा त्यांची भाकर घेऊन मागून पोचली. नदी आटून जागोजागी वाळू उघडी पडली होती आणि गावाखालच्या मोठ्या डोहातच काय ते खोल पाणी उरलं होतं. पलीकडच्या काठावर त्या गावचा कारभारी भोई आपल्या भावांबरोबर जाळं धूत होता. एकाच डोहावर दोन गावांची पोटं, त्यामुळं कडूबाचं आणि त्याचं फारसं बरं नव्हतं.

कडूबा कपाळावर हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. मग पलीकडच्या खडकाकडे बोट करून त्यानं पुंजाजीला सांगितलं, की तिथं बगळ्यांची ओळ बसली आहे, म्हणजे खाली बारीक मासळी काठाला आली आहे, डोंगा तिकडे घे. पुंजाजीनं खडकाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. खडकावर कारभाऱ्याची आणि त्याच्या भावांची धोतरं वाळत घातली होती.

पुंजाजीनं ते सांगितलं. पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडे कारभाऱ्यानं ऐकलं आणि भावांना सांगितलं, आणि सगळे हसत सुटले. आपलं एक धोतर उचलून कारभाऱ्यानं ते पंखासारखं हलवून दाखवलं. कडूबाही हसला, म्हणाला, पोराची गंमत केली. पुंजाजीलाही ते खरं वाटलं, कारण बाप थट्टेखोर होताच.

कोकिळेला हसू आलं नाही. दिवाळीपासूनच्या कितीतरी गोष्टी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. ताटात चटणी कुठं वाढली आहे ते तो बोटांनी चाचपायचा. दारातल्या म्हशीला पुंजाजी समजून त्यानं एकदा हाक मारली होती आणि ती त्या वेळी पोट धरून हसली होती. ती भाकर वाढायला त्याच्यापुढं बसली आणि तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधावर साय धरावी तसं काही पांढरट आलं होतं. त्यानं तोंड तिच्याकडे केलं, पण नजर तिच्या कानावरून पलीकडे गेली.

तिनं काही विचारलं नाही. पुंजाजीसमोर तर नाहीच. ज्या माणसाला दोन गावं पाणी विचारायला यायची, त्याला लेकानं उद्यापासून घरी बसा म्हटलं असतं तर तो बसला असता, आणि मग उठलाही नसता. एवढं तिला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी ती धुण्याचं गाठोडं घेऊन त्यांच्याबरोबरच निघाली. पुंजाजी डोंगा सोडायला खाली गेला तेव्हा कडूबा वाळूवर उभा होता. कोकिळा त्याच्याजवळच दगडावर कपडे आपटू लागली आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "पाखरं केवढी जमली तिकडे, चिंचेच्या खाली."

कडूबा थांबला. मग त्यानं विचारलं, "कोनती पाखरं?"

"कायी."

"पानकावये का कावये?"

कोकिळेनं डोळे बारीक केले. ते साधे कावळेच होते आणि मेलेल्या कुत्र्यावर बसले होते. तिनं तसं सांगितल्यावर कडूबाच्या तोंडावर हसू आलं. ती काय करते आहे ते त्याला कळलं होतं, आणि ते कळलं हे तिलाही कळलं. दोघांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच पुन्हा विचारलं, की पाण्यावर कुठं काटा आल्यासारखं दिसतं का.

तेव्हापासून तो रोज विचारायचा आणि ती सांगायची. धुवायला कपडे पुरेनात, तेव्हा ती धुतलेलेच पुन्हा धुवायला आणू लागली. सुरुवातीला तिचं बरंच चुकलं. पाणी थरथरतंय असं तिनं सांगितलं आणि ती पाण्यात बसलेली म्हैस निघाली. दुसऱ्यांदा ती वाऱ्याची लहर निघाली. कडूबा चिडला नाही. वाऱ्याची लहर सगळी एकाच अंगाला पळते, त्यानं सांगितलं. बारीक मासळी वर आली की पाणी बुरबुर पाऊस पडल्यासारखं जागच्या जागी नाचतं, आणि ते नाचणं वाऱ्याच्या उलटही सरकतं. आभाळात ढग नसताना पाण्यावर सावली दिसली तर तीही मासळीच. आणि सगळी मासळी एकदम उडून मूठभर जवारी फेकावी तशी पाण्यावर पडली, तर खालून तिला कोणीतरी खायला आलं आहे. आपल्याला तो खाणारा हवा.

ती काठावर नुसती बसायची, पण संध्याकाळी अंगणात भाकरी थापताना तिचे डोळे दुखायचे, खांदे दुखायचे. इतकी वर्षं ती त्या नदीतून पाणी भरत होती, पोरांचं धूत होती, पण ती नदी अशी जिवांनी भरलेली तिनं कधी पाहिली नव्हती. काळ्या डोक्याचे सुरय पक्षी उंच घिरट्या घालतात तेव्हा मासळी खोल असते आणि ते खाली उतरू लागले की ती वर येते, हे तिला आता न विचारता दिसायचं. एकदा ती पाण्याकडे पाहता पाहता तव्यावरची भाकर जाळून बसली. कडूबानं ती जळकी भाकर कुरकुर न करता खाल्ली आणि विचारलं, "आज काय दिसलं, ते तं सांग."

जाळ्यात थोडं थोडं येऊ लागलं. पुंजाजीला वाटलं, बाबाचा हात पुन्हा बसला. पण येत होती ती हाताएवढी मासळी. दावतीला मोठा मासा हवा होता, लांब मिशांचा, कोयत्यासारखा चपटा शिवडा. डोहात तो होता. बारीक मासळी उडायची तेव्हा त्याची पाठ कोकिळेला दिसायची. पण जाळं टाकेपर्यंत तो तिथं नसायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी वारं सुटलं. वाळू उडाली, पाणी दिवसभर गढूळ राहिलं आणि जाळ्यात काहीही आलं नाही. उतरत्या उन्हात चिखलीच्या गाड्या आल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज भोईवाड्यापर्यंत ऐकू येत होता. हैदर पाहुण्यांना नदी दाखवायचं निमित्त करून खाली आला. त्यानं कडूबाला काही विचारलं नाही. रिकाम्या टोपल्यांकडे पाहिलं, पाहुण्यांना म्हणाला की हेच आमचे कडूबाभाऊ, आणि परत गेला. कडूबाला त्याचा चेहरा दिसला नसावा. कोकिळेला दिसला.

लग्नाच्या सकाळी वारं पडलं नव्हतं, पण मंदावलं होतं. बापलेक डोंग्यात लांब ओढजाळं घेऊन डोहात गेले. कोकिळा वाळूच्या टोकावर जाऊन उभी राहिली. पलीकडे कारभारी भावांबरोबर बिडी ओढत बसला होता. त्यांनाही काही मिळालं नव्हतं.

सूर्य चिंचेच्या वर आला तसे सुरय जमू लागले. आधी उंच, मग खाली, मग आणखी खाली. डोहाच्या मध्ये काळा खडक होता, त्याच्या डाव्या अंगाला पाणी नाचायला लागलं. कोकिळा ओरडली. वाऱ्यानं तिचं ओरडणं मागं गावाकडे नेलं. ती पुन्हा ओरडली. डोंग्यात कडूबानं मान वळवली.

"काय म्हनते तुही माय?" त्यानं विचारलं.

"बाबा, पाखरं समोर तं हायेत. तुमीच पाहा ना."

कडूबा समोर पाहत राहिला. त्याच्यापुढं नुसता उजेड होता. मग त्यानं पुंजाजीला डोंगा काठाला घ्यायला सांगितलं. बाबानं नाद सोडला असं पुंजाजीला वाटलं आणि त्यानं जड हातानं वल्हं फिरवलं. डोंगा वाळूला लागला. कडूबा उतरला नाही.

"पुंजाची माय," तो म्हणाला, "डोंग्यात ये."

भोयांच्या बाया जाळी विणायच्या, टोपल्या डोक्यावर घेऊन नांदुऱ्यापर्यंत मासळी विकायला जायच्या, पण मासेमारीच्या डोंग्यात बाई बसत नसे. पलीकडे कारभारी उभा राहून पाहू लागला होता. पुंजाजी दबक्या आवाजात म्हणाला, की माय कशाला, लोकं पाहत आहेत.

"मले दिसत नाई, पुंजा," कडूबा म्हणाला. "दिवाळीपासून नाई दिसत. तुह्या मायले दिसते."

पुंजाजीनं वल्हं वर उचलून धरलं. वल्ह्यावरून पाणी गळत होतं. धोतरं, म्हैस, गेल्या काही दिवसांतलं आईचं धुणं, सगळं एकदम त्याच्या डोक्यात आलं असावं. मग त्यानं वल्हं खाली ठेवलं आणि आईपुढं हात केला. "पाय जपून ठेव, माय. मधात ठेव."

कोकिळेनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती डोंग्यात चढली. डोंगा हलला, तिनं कडूबाचा खांदा धरला. पलीकडून कोणीतरी शिटी मारली.

खडकाजवळ येता येता कडूबानं विचारलं, मासळी कुठल्या अंगाला सरकते. वाऱ्याच्या उलट, ती म्हणाली. पाणकावळे आहेत का? आहेत, आत्ता बुडाले. वर आले की तोंड कुठं करतात ते पाहा, त्यानं सांगितलं. ती पाहत राहिली. काळ्या माना एकेक करून वर आल्या.

"कारभाऱ्याच्या काठाकडे," ती म्हणाली. "सगळे तिकडेच पाहून राह्यले."

"मंग चमचमते तिथे जाळं नाई टाकाचं. तिथे बारीक मासोई भेटंन. शिवडा पुढे जाऊन तिले काठाशी दाबते. आपुन त्याच्या पुढे जाऊ."

पण पुढं जायचं म्हणजे जाळ्याचं एक टोक पलीकडच्या काठावर कोणीतरी धरायला हवं होतं. पलीकडे फक्त कारभारी होता. कडूबानं तोंडाभोवती हात धरून त्याला हाक मारली. हैदरच्या पोरीचं लग्न आहे, चिखलीचे पाहुणे येऊन बसलेत, दोर धर, असं त्यानं सरळ सांगितलं. कारभारी जरासा घुटमळला. मग बिडी वाळूत खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि त्यानं दोर झेलला. त्याचे भाऊही मागोमाग उतरले.

पुंजाजीनं डोंगा मोठ्या फेऱ्यानं नेला. कडूबा जाळं सोडत होता. त्याला बघायची गरज नव्हती, वीण त्याच्या बोटांतून आपोआप सुटत होती. कोकिळा मध्ये उभी राहून सांगत होती. आता खडकाच्या पुढं आले. आता उडाले. पाठी दिसतात, काळ्या, लांब. पुष्कळ आहेत. "थांबू नका," ती म्हणाली, "वळवा, वळवा आता." आणि पुंजाजीनं बापाकडे न पाहता, आईनं हात केला तिकडे डोंगा वळवला.

जाळं आवळलं तसं पाणी उकळल्यासारखं झालं. दोर इतका ओढला गेला की कारभारी पाठीवर पडला, नाकातोंडात पाणी गेलं, पण दोर त्यानं सोडला नाही. त्याचे भाऊ हसत हसत त्याच्यासकट दोर ओढू लागले. पुंजाजीनं उडी टाकली. कडूबाही छातीभर पाण्यात उतरला आणि पायानं तळाची दोरी दाबून धरली. शिवडे शेपट्या मारत होते, एकाची शेपटी कडूबाच्या गालावर बसली आणि तो लहान पोरासारखा हसला. वाळूवर जाळं आलं तेव्हा सगळे तिथंच बसून धापा टाकत होते. मोठे मासे, त्यांच्या मिशा अजून हलणाऱ्या, आणि त्यांच्या पोटाखाली चांदीसारखी बारीक मासळी. कारभाऱ्यानं सगळ्यात मोठा मासा हातानं मोजून पाहिला आणि कोकिळेला म्हणाला, "वैनी, उद्या आमच्याही डोंग्यात याचं का?"

"आमचं काम झाल्यावर पाहू," कडूबाच म्हणाला.

त्यातले चार मासे कडूबानं कारभाऱ्याच्या टोपलीत टाकले. कारभारी नको म्हणत होता आणि टोपली पुढं करत होता.

ओल्या पळसाच्या पानांखाली मासे झाकून त्यांनी ते हैदरच्या दारात नेले. हैदर दारातच उभा होता. त्यानं पानं उचलून पाहिली आणि मग एक टोपली स्वतःच डोक्यावर घेऊन आत गेला, नवीन सदरा आणि पाण्यानं गळणारी टोपली, तसाच. अमीना आतून त्याच्यावर ओरडत होती.

निकाह झाला. दावत बसली. भोईवाड्यातल्या बायांनी निंबाखाली वेगळी चूल मांडून आपल्या माणसांचं रांधलं, तेही हैदरच्याच शिध्यातून. नवरदेवाच्या आजीला खाटेवर बसवून वाढलं होतं. तिनं काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले, पुन्हा वाढायला लावलं आणि शेवटी डोकं मागितलं. पोटभर जेवल्यावर मासे कोणी आणले ते पाहायचं म्हणून तिनं कडूबाला बोलावून घेतलं. त्याच्या डोळ्यांकडे पाहून ती म्हणाली, चिखलीत तिच्या दिरालाही असंच झालं होतं, बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात पडदा काढून आणला, आता तो सुईत दोरा ओवतो. कडूबा म्हणाला, पाऊसपाणी झाल्यावर पाहू, सध्या घरात दोन डोळे चांगले आहेत. म्हातारीला ते कळलं नाही. कोकिळेनं पदर तोंडाशी धरला.

पुंजाजी बारातीच्या गाड्यांना बैल जुंपायला थांबला. कडूबा आणि कोकिळा दोघंच घराकडे निघाले. ऊन उतरलं होतं, पण वाट अजून पांढरी दिसत होती. नदीवर पाणी भरायला आलेल्या बाया घागरी घेऊन समोरून येत होत्या. ओढ्याच्या उताराशी कडूबा थांबला, त्यानं हात पुढं केला आणि कोकिळेचा खांदा चाचपून धरला.

ती चपापली. समोरच्या बाया थांबल्याच होत्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं, मग सगळ्याच हसू लागल्या.

"अवो, बाया पाहून राह्यल्या," कोकिळा पुटपुटली.

"पाहू दे. तू खड्डा सांग."

"खड्डा नाई. दगड हाये, उजवीकडे."

कडूबानं पाय डावीकडे टाकला. बायांनी हसत हसत वाट सोडली आणि ती दोघं त्यांच्यामधून उतार उतरून गेली.